दलालाची सौदावही आणि गुंतवणूकदाराची रोजनिशी

१. प्रश्नाचे स्वरूप

शेअरबाजारात झालेला प्रत्येक सौदा दलालाच्या वहीत लिहिला जातो. ज्याच्या पैशाने तो झाला त्या गुंतवणूकदाराच्या वहीत तो लिहिला जातोच असे मात्र नाही. पहिली नोंद कायद्याने सक्तीची आहे. दुसरी सर्वस्वी ऐच्छिक आहे. ज्या गुंतवणूकदारांनी अशी वही ठेवली, त्यांना दलालाकडील मजकूर आपल्या वहीत उतरवून घेण्याचे काम आजवर करावे लागले आहे. वरवर पाहता हे काम नकलनविसाचे वाटते. दलालाने जे लिहिले तेच पुन्हा लिहावयाचे. फार तर हस्ताक्षर बदलेल, आणि सांप्रत संगणकाच्या काळात तेही बदलत नाही.

परंतु या दोन वह्यांचा इतिहास पाहिला म्हणजे ही समजूत टिकत नाही. दलालाची वही कोणी कोणाचे किती देणे लागतो हे सांगण्यासाठी जन्मली. गुंतवणूकदाराची वही आपण काय ठरविले आणि त्याचे फळ काय मिळाले हे सांगण्यासाठी असते. एकीतून दुसरीत जाताना वाक्याचा कर्ता बदलतो, मोजणीचे एकक बदलते, आणि मूळ नोंदीत कधीच नसलेला हेतू नव्याने लिहावा लागतो. म्हणून हे नकलेचे काम नसून भाषांतराचे काम आहे, असे म्हणावयास हरकत नाही. हे स्थलांतर कसकसे घडत आले याचा मुख्यतः मुंबईच्या बाजाराच्या अनुषंगाने विचार करणे हा या निबंधाचा हेतू होय.

२. वह्यांची नावे

या व्यवहारातील शब्दांचा मागोवा प्रथम घेणे सोयीचे होईल. 'दलाल' हा शब्द अरबी असून वाट दाखविणे, निर्देश करणे या अर्थाच्या धातूपासून तो सिद्ध झाला आहे. दलाल म्हणजे मुळात दाखविणारा; विकणारा कोठे आहे हे घेणाऱ्यास आणि घेणारा कोठे आहे हे विकणाऱ्यास तो दाखवितो. 'सौदा' हा शब्द फारसीतून मराठी, गुजराती व हिंदी या तिन्ही भाषांत आला. 'कीर्द' हाही फारसीच. 'करणे' या अर्थाच्या क्रियापदाशी त्याचे नाते आहे. दिवसभरात जे केले ते क्रमाने जीत लिहावयाचे ती रोजकीर्द, आणि तीतील रकमा ज्याच्या त्याच्या खात्याखाली जीत मांडावयाच्या ती खतावणी.

१४९४ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या आपल्या गणितग्रंथात लुका पाचोली याने व्यापाऱ्यासाठी तीन वह्या सांगितल्या आहेत : घडेल ते घडेल तसे टिपून ठेवण्याची स्मरणवही, तीतून शुद्ध करून उतरविलेली रोजकीर्द, आणि शेवटी खतावणी. एका वहीतील नोंद दुसरीत गेली म्हणजे पहिलीतील नोंदीवर रेघ मारावी, असेही तो सांगतो. मराठी जमाखर्चात 'खाते पान' लिहिण्याची जी चाल आहे तिचे कार्य हेच. नोंदीचे स्थलांतर झाले आहे आणि ते कोठे झाले आहे, याची ती खूण असते. स्थलांतराची खूण मूळ नोंदीवरच ठेवावी हा नियम, ज्याने एकच सौदा दोनदा उतरविल्यामुळे हिशेब चुकविला आहे, त्याला सहज पटेल.

मराठीत याखेरीज 'रोजनिशी' हा एक अर्थपूर्ण शब्द आहे. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशवे दप्तरातून निवडलेले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झालेले उतारे पेशव्यांची रोजनिशी म्हणूनच ओळखले जातात. त्यांत वसुली आहे, खर्च आहे, आणि त्याबरोबर हुकूम, इनामे व निवाडेही आहेत. रक्कम आणि रकमेमागील निर्णय तेथे एकाच कागदावर नांदतात. पुढे या शब्दाला व्यक्तीच्या खाजगी दैनंदिनीचाही अर्थ प्राप्त झाला. गुंतवणूकदाराच्या वहीसाठी यापेक्षा नेमका शब्द शोधावयास नको. कारण त्या वहीत हिशेब आणि मनोगत ही दोन्ही एकत्र यावयाची असतात.

३. दलालाला लिहावयास लावणारे कायदे

दलालाने लिहून ठेवावे ही अपेक्षा प्रथम राज्यसंस्थेकडून आली. लंडनमध्ये १६९७ च्या कायद्याने दलालांची संख्या शंभरापुरती मर्यादित केली आणि त्यांच्यावर सौद्यांची वही ठेवण्याचे बंधन घातले. सर जॉन बर्नार्ड यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या १७३४ च्या कायद्याने वही न ठेवणाऱ्या दलालास दंड सांगितला. हा कायदा १८६० मध्ये रद्द झाला. फ्रान्समधील १८०७ च्या व्यापारी संहितेचा नियम याहून कडक होता. दलालाने दररोज, तारीखवार, खाडाखोड न करता, ओळींच्या मध्ये काही न घुसडता, संक्षेप व आकडे न वापरता सौद्याच्या सर्व अटी लिहाव्यात, अशी त्या संहितेची आज्ञा होती. या सर्व तरतुदींचा रोख एकच होता : उद्या तंटा उद्भवला तर वहीने साक्ष द्यावी.

मुंबईत बाजार आधी आला आणि नियम मागाहून आले. १८५० च्या कायद्याने संयुक्त भांडवलाच्या मंडळ्यांची नोंदणी सुरू झाली, आणि त्या दशकात टाउन हॉलसमोरच्या वडाखाली दलाल जमू लागले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस इंग्लंडात जाईनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशातून बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटविण्याच्या योजना यांच्या शेअरांची जी लाट उसळली तिचे वर्णन दिनशा वाच्छा यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात केले आहे. पुष्कळ सौदे वायद्याचे होते आणि त्यांची मुदत १ जुलै १८६५ ही होती. तत्पूर्वीच युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, आणि त्या दिवशी ज्यांनी पैसे द्यावयाचे होते त्यांच्यापाशी ते नव्हते.

या पडझडीने नोंदीचा प्रश्न न्यायालयाच्या दारात आणला. पैजेच्या करारावरून दावा चालत नाही असे १८४८ च्या कायद्याने ठरलेच होते. १८६५ च्या मुंबईच्या तिसऱ्या कायद्याने पैजेला संलग्न असलेले करारही निष्फळ ठरविले. त्यामुळे एखादा सौदा खरोखर शेअर घेण्यादेण्याचा होता की केवळ भावाच्या फरकावर लावलेली पैज होती, हे महत्त्वाचे ठरले. आणि ते उभय पक्षांच्या हेतूवरून ठरावयाचे होते. दलालाच्या वहीत नाव होते, संख्या होती, भाव होता; हेतूचा रकाना तीत नव्हता. पुढे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ३४ व्या कलमाने नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या वह्यांतील नोंद पुराव्यात येऊ शकते असे मान्य केले. पण तेवढ्या नोंदीवरून कोणावरही देणे लादता येणार नाही, अशी मर्यादाही घातली. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. एकट्या वहीचा शब्द शेवटचा नव्हे, हा या तत्त्वाचा अर्थ. दुसऱ्या बाजूस काही लिहिलेले असेल तर त्याला किंमत आहे, हा त्यातूनच निघणारा उपसिद्धांत होय.

दलालांची संस्था १८७५ मध्ये स्थापन झाली. १९२५ मध्ये मुंबई सरकारने रोख्यांच्या करारांविषयी कायदा केला, आणि स्वातंत्र्योत्तर काळात १९५६ चा रोखे करार नियमन कायदा व १९५७ चे नियम आले. या नियमांच्या इंग्रजी मजकुरात दलालाने ठेवावयाच्या वह्यांची जी यादी आहे तीत पहिली वही व्यवहारांची असून तिच्यापुढे कंसात 'सौदा बुक' असे शब्द आहेत. कायद्याच्या इंग्रजीला बाजाराचा शब्द टाळता आला नाही, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने ध्यानी घेण्यासारखी आहे. सौदावही, ग्राहकांची खतावणी, रोजकीर्द, रोकडवही इत्यादी वह्या पाच वर्षे, आणि ग्राहकांना दिलेल्या कॉन्ट्रॅक्ट नोटांच्या स्थळप्रती दोन वर्षे जपाव्यात, अशी मुदत त्या नियमांनी घालून दिली.

या मुदतीतच गुंतवणूकदाराचा खरा धोका दडलेला आहे. शेअर पाच वर्षांत विकलाच पाहिजे असा नियम नाही. तो बापाने घ्यावा आणि मुलीने विकावा, असेही घडते. दलालाची जबाबदारी संपते तेव्हा गुंतवणूकदाराची गरज कित्येकदा सुरूही झालेली नसते. मुंबईतील अनेक कुटुंबांत जुनी शेअर-प्रमाणपत्रे सापडतात, पण ती कोणत्या भावाने घेतली याचा कागद सापडत नाही, याचे कारण हेच. करकायद्याने १ एप्रिल २००१ किंवा ३१ जानेवारी २०१८ यांसारख्या ठराविक दिवसाचे बाजारमूल्य हिशेबात धरण्याची जी सोय केली, तिच्यामुळे अशा हरवलेल्या नोंदीची उणीव काही अंशी भरून निघते, पूर्णांशाने नाही.

४. कर्त्याचा बदल

दलालाच्या वहीतून ग्राहकाच्या हाती येणारा दुवा म्हणजे कॉन्ट्रॅक्ट नोट. तिचे दोन नमुने बाजारात रूढ झाले. एकात, आपल्या हुकुमावरून व आपल्या खाती आज पुढील सौदे आम्ही केले आहेत, अशा आशयाचे वाक्य असते. दुसऱ्यात, आज पुढील शेअर आम्ही आपणांस विकले अथवा आपणांकडून घेतले, अशा आशयाचे वाक्य असते. पहिल्या वाक्यात दलाल मध्यस्थ आहे. दुसऱ्यात तो स्वतःच समोरचा पक्ष आहे. एवढ्या फरकाने हितसंबंध उलटे होतात. मध्यस्थाने ग्राहकासाठी स्वस्त भाव शोधावयाचा असतो; विकणाऱ्याला महाग भाव हवा असतो. म्हणूनच १९५६ च्या कायद्याच्या १५ व्या कलमाने दलालाला स्वतः पक्षकार म्हणून सौदा करावयाचा असल्यास ग्राहकाची संमती घेण्याचे आणि ती गोष्ट चिठ्ठीत उघड करण्याचे बंधन घातले.

परंतु दोन्ही नमुन्यांत एक गोष्ट समान आहे. वाक्याचा कर्ता दलाल आहे. ग्राहक 'आपल्या हुकुमावरून' असा षष्ठीत किंवा 'आपणांस' असा चतुर्थीत येतो. प्रथमेत तो येत नाही. हीच नोंद ग्राहकाच्या रोजनिशीत गेली म्हणजे वाक्य 'मी घेतले', 'मी विकले' असे होते. व्याकरणदृष्ट्या हा किरकोळ फेरफार. पण जबाबदारीच्या दृष्टीने तो मोठा आहे. दलालाच्या वहीपुरता ग्राहकाचा निर्णय हा केवळ हुकूम असतो, आणि हुकूम का दिला हे विचारण्याचा दलालास अधिकार नाही, प्रयोजनही नाही. 'मी घेतले' असे लिहिणाऱ्याला मात्र 'का घेतले' हा प्रश्न टाळता येत नाही.

५. एककाचा बदल

दलालाच्या वहीचे एकक सौदा हे आहे. गुंतवणूकदाराच्या मनाचे एकक निर्णय हे आहे. ही दोन एकके एकमेकांशी जुळतीलच असे नाही. याचे ठळक उदाहरण बदल्याच्या पद्धतीत सापडते. पंधरवड्याच्या शेवटी पैसे भरून शेअर उचलावयाचे नसतील तर ग्राहक आपला सौदा पुढील पंधरवड्यात ओढून नेई. दलालाच्या वहीत त्यासाठी दोन नोंदी पडत. चालू मुदतीतील खरेदी हवाला भावाने विकून बंद केली जाई, आणि त्याच भावाने पुढील मुदतीची नवी खरेदी उघडली जाई; मध्ये बदल्याचा आकार आणि भावाचा फरक जमा किंवा नावे पडे. तीन महिने धरून ठेवलेला एक सौदा अशा रीतीने वहीत बारा-तेरा सौद्यांचा दिसे. या नोंदी रकमेपुरत्या खऱ्या होत्या. पण ग्राहकाने बारा वेळा काही ठरविले होते, असा त्यांवरून निष्कर्ष काढणारा फसला असता. बदल्यावर १९९३ च्या डिसेंबरात बंदी आली, पुढे तो सुधारित स्वरूपात परतला, आणि २ जुलै २००१ पासून कायमचा बंद झाला.

बदला गेला तरी एककाची विसंगती गेली नाही. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअरबाजारात आणि १९९५ मध्ये मुंबई शेअरबाजारात शेअरांचे सौदे संगणकाच्या पडद्यावर होऊ लागले. प्रत्येक हुकुमाला आणि प्रत्येक सौद्याला क्रमांक व वेळ मिळाली. शंभर शेअर घेण्याचा एक हुकूम समोरच्या बाजूस जसजसे विक्रेते मिळतील तसतसा सात तुकड्यांत पुरा होतो, आणि दलालाच्या यादीत सात ओळी दिसतात. रोजनिशीत त्या सातांची एक ओळ करावयाची असते. यासाठी हुकुमाचा क्रमांक उपयोगी पडतो. सौद्याचा क्रमांक नोंद दोनदा उतरविली जाऊ नये यासाठी उपयोगी पडतो. पाचोलीने सांगितलेल्या रेघेचे काम आता हा क्रमांक करतो. दलाली आणि कर यांचीही विभागणी करावी लागते, आणि ती करताना भेद राखावा लागतो. कारण भांडवली नफा मोजताना दलाली वजा होते, पण रोखे-व्यवहारावरील कर वजा होत नाही.

६. संख्या राहते, किंमत हरवते

१९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने कागदी प्रमाणपत्रांची जागा खात्यातील आकड्यांनी घेतली. प्रमाणपत्रावर प्रत्येक शेअरचा स्वतंत्र क्रमांक असे. कोणता शेअर कधी घेतला आणि कोणता विकला हे त्यावरून दाखविता येई. डीमॅट खात्यात शेअर एकमेकांत मिसळून जातात. म्हणून करकायद्याने अशा खात्यापुरता 'जे आधी आले ते आधी गेले' हा नियम घातला. समजा, एखाद्याने १०० शेअर २०० रुपयांनी, नंतर आणखी १०० शेअर ३०० रुपयांनी घेतले आणि १०० शेअर ३२० रुपयांनी विकले. या नियमाने नफा १२,००० रुपये होतो. सरासरी किमतीने मोजला तर तो ७,००० रुपये दिसतो. एकाच घटनेची ही दोन कथने आहेत, आणि रोजनिशीने आपण कोणते कथन करीत आहोत हे प्रारंभीच सांगितले पाहिजे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, डिपॉझिटरीच्या पत्रकात शेअरांची संख्या असते, खरेदीची किंमत नसते. किंमत दलालाकडे राहिली. त्यामुळे गुंतवणूकदाराने दलाल बदलून आपले शेअर नव्या खात्यात नेले, म्हणजे शेअर जातात आणि त्यांचा इतिहास मागे राहतो. नव्या दलालाच्या पडद्यावर किमतीची जागा रिकामी दिसते किंवा ती हाताने भरावी लागते. मालकी हलविता येते पण मालकीची कथा हलविता येत नाही, अशी ही स्थिती आहे. ज्याने स्वतःची रोजनिशी ठेवली आहे त्याला ही अडचण भासत नाही. ज्याने ठेवली नाही तो जुन्या दलालाच्या सौजन्यावर अवलंबून राहतो.

काही घटना तर दलालाच्या सौदावहीत येतच नाहीत, कारण त्या सौदे नसतात. २०२३ च्या जुलैत रिलायन्स इंडस्ट्रीजमधून वित्तव्यवसाय वेगळा काढण्यात आला आणि प्रत्येक शेअरमागे जिओ फायनान्शियल सर्व्हिसेसचा एक शेअर भागधारकास मिळाला. मूळ खरेदीची किंमत ९५.३२ आणि ४.६८ या शेकडेवारीने दोहोंत वाटावयाची होती. म्हणजे २,००० रुपयांस घेतलेल्या शेअरची किंमत १,९०६.४० रुपये झाली आणि उरलेले ९३.६० रुपये नव्या शेअरच्या वाट्याला गेले. या दिवशी कोणी काही घेतले नाही, विकले नाही; कॉन्ट्रॅक्ट नोट निघाली नाही. केवळ सौद्यांची यादी उतरवून घेणाऱ्याच्या वहीत मूळ शेअरची किंमत जशीच्या तशी राहील आणि नवा शेअर आकाशातून पडल्यासारखा दिसेल. दर्शनी मूल्याचे विभाजन झाले म्हणजे शेअरचा बारा अक्षरी आंतरराष्ट्रीय संकेतांकही बदलतो. तेव्हा वस्तू तीच आणि नाम मात्र दुसरे असे होते. संकेतांकावर विसंबणारी यंत्रे एकाच मंडळीला दोन मंडळ्या समजतात.

७. हेतूची नोंद

रोजनिशीचे जे खास अंग, म्हणजे हेतू, ते दलालाकडून येऊच शकत नाही. अमेरिकेतील सट्टेबाज जेसी लिव्हरमोर याने १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात स्वतः ठेवलेल्या भावांच्या तक्त्यांचे नमुने छापले आहेत. वेगवेगळ्या स्थितीतील भावांसाठी वेगवेगळी शाई वापरावी, आणि हे तक्ते प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहावेत, असा त्याचा आग्रह होता. लिहिताना विचार करावा लागतो, हे त्यामागील कारण. लिव्हरमोरच्या वाट्याला पुढे अपयश आले हे खरे. वही ठेवल्याने नफा होतोच असे नाही. वहीमुळे चूक कोठे झाली ते कळू शकते, इतकेच.

सांप्रत दलालाच्या संकेतस्थळावरून वर्षाचे सर्व सौदे एका फाईलमध्ये उतरवून घेता येतात आणि ती फाईल रोजनिशीच्या यंत्रणेत काही क्षणांत भरता येते. पूर्वी महिनाभर लागणारे काम यामुळे सुटले, आणि हाताने आकडे उतरविताना होणाऱ्या चुकाही टळल्या. हा लाभ लहान नव्हे. परंतु या सोयीची एक बाजू ध्यानी ठेवावी लागते. फाईलमध्ये तारीख, नाव, खरेदी की विक्री, संख्या, भाव आणि क्रमांक एवढेच रकाने असतात. त्यांवर थांबणारी रोजनिशी ही दलालाच्या सौदावहीचीच दुसरी प्रत होय. कर्ता तोच, एकक तेच, आणि १८६५ मध्ये जो रकाना रिकामा होता तो अद्यापि रिकामाच.

तो रकाना भरावयाचा तर सौद्याच्या दिवशीच भरला पाहिजे. फळ कळल्यानंतर लिहिलेला हेतू हा हेतू राहत नाही, ते समर्थन होते. नफा झाला तर दूरदृष्टी आठवते आणि तोटा झाला तर दुसऱ्याचा सल्ला आठवतो. येथे १८०७ च्या फ्रेंच संहितेचा नियम पुन्हा उपयोगी पडतो. दररोज, तारीखवार, खाडाखोड न करता, मध्ये काही न घुसडता लिहावे, हे बंधन तेथे दलालावर होते, कारण त्याची वही दुसऱ्याविरुद्ध साक्ष देणार होती. गुंतवणूकदाराची रोजनिशी प्रसंगी स्वतः लिहिणाऱ्याविरुद्धच साक्ष देते. तिच्यासाठी कोणत्याही सरकारने असा नियम केलेला नाही आणि करण्याचे कारणही नाही. तो नियम ज्याचा त्याने आपणांस घालून घ्यावयाचा असतो. आकडे दलालाकडून जसेच्या तसे यावेत. वाक्य मात्र स्वतःचे असावे.